हातांचा अबोला

ऐका, आधी हसून घ्या सगळे, कारण सुरुवात खरंच हसण्यासारखी आहे, आणि नंतर मला मधे थांबवू नका, नाहीतर माझा धागा सुटतो. त्या दिवशी सकाळच्या बातम्यांत मी एका मंत्र्याचा राजीनामा अर्धाच दिला. निवेदकानं पूर्ण दिला हं, घसा खाकरून, व्यवस्थित. पण पडद्याच्या कोपऱ्यातल्या, खुणांच्या भाषेत बातम्या सांगायच्या माझ्या त्या चौकटीत, हो तीच, जिच्यावरून तुम्ही मला चौकट म्हणता, माझी मधली दोन बोटं वळायला हवी होती ती वळलीच नाहीत. मी म्हणतेय वळा, ती आपली ताठ. दुखत होती असंही नाही, दुखणं नंतर आलं. आधी नुसतं एवढंच की सांगितलेलं ऐकत नाहीयेत, जसं काही झोपेत कुणीतरी माझे हात काढून नेले आणि तिथं तसलेच दुसरे बसवले, एक माप मोठे. थेट प्रक्षेपणात थांबता येत नाही, निवेदक पुढे पुराच्या बातमीत शिरला, मीही शिरले, पूर तर उघड्या पंजानंच दाखवायचा असतो, पूर छान झाला माझा. पण ज्यांना ऐकू येत नाही अशा सगळ्या घरांमध्ये तो मंत्री त्या दिवशी खुर्चीवरून अर्धवट उठलेला तसाच राहिला.

बातम्या संपल्या की घरून आईचा व्हिडिओ कॉल येतो, रोज, न चुकता. तुमच्यापैकी दोघंच तिला भेटलायत, बाकीच्यांसाठी सांगते: आईला जन्मापासून ऐकू येत नाही. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात तिनं आयुष्य काढलं, तिथल्या यंत्रांच्या धडधडीनं बाकीच्यांचे कान हळूहळू गेले आणि ही म्हणायची, या, या, सगळे माझ्या बाजूला या. ती बातम्या बघत नाही, मला बघते. जगात लढाई सुरू होऊ दे, हिचा पहिला प्रश्न, मान का वाकडी होती. तर त्या दिवशी ती म्हणाली, "काय गं ते? पुटपुटत काय होतीस? तोंडात घास ठेवून बोलल्यासारखं." हो, हातांनी पुटपुटता येतं. हातांनी ओरडता येतं, तोतरं बोलता येतं, कुजबुजता येतं, हात छातीशी धरून, अंगाआड. मी म्हटलं, झोप झाली नव्हती. ती म्हणाली, मंत्र्यालाही झोपवलंस. आणि मी हसले, कॅमेऱ्यासमोर हसले, आणि फोन ठेवताना लक्षात आलं की फोन मी दोन्ही तळव्यांत धरलाय, बोटांत नाही, खारीसारखा.

सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेले ती त्या राजीनाम्यामुळे. त्याआधी पाच-सहा आठवडे सकाळी हात जड व्हायचे, पण मी म्हणायचे थंडी असेल, उशीवर दाबले गेले असतील, माणूस स्वतःशी किती गोड बोलतो ना. डॉक्टर शांत, लांब मानेचे, त्यांनी माझी एकेक पेरं दाबली, फळं निवडतात तशी, आणि प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, रक्त तपासू. मग रिपोर्ट आले आणि मी पुन्हा त्यांच्यासमोर बसले, आणि ते वाचत होते, आणि मी त्यांच्या भुवया वाचत होते, सवयच आहे. आमच्या घरात अर्धा शब्द हातात असतो आणि अर्धा चेहऱ्यावर, त्यामुळे मला चेहरा वाचू नको म्हणणं म्हणजे तुम्हाला कान बंद करा म्हणण्यासारखं आहे. तर ते म्हणाले, "सांध्यांचा आमवात वाटतोय, सूजही बरीच आहे रक्तात. बहुतेक तेच. तुम्ही एक करा, वरच्या मजल्यावर रक्ताच्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवून या. सहज."

सहज. एवढंच झालं, बरं का. कुणी काही फोडलं नाही, कुणी रडलं नाही. पण "सहज" म्हणताना त्यांच्या डाव्या भुवईनं एक छोटीशी उडी मारली आणि परत जागेवर बसली. ही उडी मला माहीत आहे. मी दवाखान्यांत दुभाषी म्हणून जाते ना, बातम्या नसतात तेव्हा. एकदा एक सुतार होते, वयस्कर, कानांनी पार गेलेले, आणि डॉक्टर त्यांना सांगत होते, आणि आमच्या कामाची पद्धत अशी की डॉक्टर जे बोलतील ते आपण स्वतःच बोलतोय असं सांगायचं, मधे 'ते म्हणतात' घालायचं नाही. तर मी सांगितलं, माझ्या हातांनी, माझ्या चेहऱ्यानं, की मला वाईट वाटतंय, पण आता इलाज फार नाही. आणि त्या सुतारांनी डॉक्टरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिले, मग माझ्या हातांकडे, जसं काही मीच तो आजार कुठूनतरी आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. आणि मग त्यांनी मान लववली. आभार मानले माझे. मी बाहेर येऊन हात धुतले, किती वेळ धुतले. आणि आता मी त्या खुर्चीत आणि दुभाषी कुणीच नाही, सगळं मला सरळ मराठीत ऐकू येत होतं आणि तरी काहीच कळत नव्हतं.

मी विचारलं, रक्ताच्या कशासाठी? ते म्हणाले, घाबरू नका. हे तर भाषांतराला सगळ्यात सोपं वाक्य आहे, सगळ्या भाषांत त्याचा अर्थ 'घाबरा' असाच होतो. मग त्यांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली, टेकड्या टेकड्या. रक्तातली प्रथिनं यंत्रात पळवतात आणि त्यांची अशी रेघ येते, शेवटची टेकडी आपल्या अंगातल्या शिपायांची. "सांध्यांच्या आजारात काय होतं," ते म्हणाले, "सगळ्या पेशी एकदम गोंगाट करतात, शंभर तऱ्हेचे शिपाई तयार होतात, म्हणून टेकडी रुंद होते, फुगते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये एकाच पेशीची पिलावळ वाढते, सगळे अगदी एकसारखे, म्हणून टेकडीऐवजी सुळका येतो. तुमची टेकडी रुंदच आहे. पण तिच्या डोक्यावर एक बारीकसं टोक दिसतंय. असेलही, नसेलही." असेलही, नसेलही! मी म्हटलं, डॉक्टर, म्हणजे नक्की काय? ते म्हणाले, तेच विचारायला तुम्हाला वर पाठवतोय.

आणि मी लिफ्टच्या दाराशी उभी होते आणि माझ्या डोक्यात तो हॉल आला, आमच्या लोकांच्या संघाचा, जिथं वर्षातून एकदा सगळे जमायचे. मी बाबांच्या खांद्यावर बसलेली असायचे, बाबाही आईसारखेच, आणि खांद्यावरून खाली बघितलं की नुसते हात. तुम्हाला वाटेल शांतता असेल तिथं. अरे, कसली शांतता! शेकडो हात एकाच वेळी बोलतायत, कुणी विनोद सांगतंय, कुणी जावयाला शिव्या घालतंय, कुणी हॉलच्या त्या टोकाला असलेल्या माणसाशी डोक्यांवरून गप्पा मारतंय. डोळे दुखायचे माझे त्या गोंगाटानं. तर तो झाला सांध्यांचा आजार, रुंद टेकडी. आणि मग, लिफ्ट येईना, आणि मला दिसलं की त्या हॉलमधले एका कोपऱ्यातले लोक एकच शब्द बोलायला लागलेत. सगळे तोच. एकाच वेळी हात वर, एकाच वेळी खाली. मग शेजारचे, मग त्यांच्या शेजारचे. तो कुठला शब्द होता ते मला कळेना, एवढ्या लांबून, बाबांच्या खांद्यावरून. पण आवडला नाही मला तो. अजूनही डोळे मिटले की मी तोच शब्द वाचायचा प्रयत्न करते.

वरच्या डॉक्टर बाई होत्या, सर्दीनं नाक लाल झालेलं, एका हातात रुमाल, बोलणं तडतड. मला त्या आवडल्या. म्हणाल्या, "खालचे म्हणतात हे माझ्याकडचं, मी म्हणते त्यांच्याकडचं, आणि तुम्ही आपल्या जिन्यात." मी विचारलं, रिपोर्टात तो जो एक घटक वाढलाय, सांध्यांच्या आजाराचा, तो वाढला म्हणजे आजार तोच ना? त्या शिंकल्या. "तो सांध्यांच्या आजारात वाढतो. आमच्याकडच्या काही आजारांतही वाढतो. आणि कधी कधी तर काहीच झालेलं नसताना वाढतो."

"मग त्याचा उपयोग काय?"

"बघा ना," त्या म्हणाल्या, "मलाही कधीपासून विचारायचंय कुणालातरी."

आणि आम्ही दोघी हसलो, आणि त्यांनी आणखी नळ्या भरून रक्त घेतलं. त्याचा निकाल आला तोही तसाच. रक्तात म्हणे दोन तऱ्हेच्या हलक्या साखळ्या असतात, त्या जोडीनं वाढल्या तर दंगा सांध्यांचा, एकटी एकच वाढली तर शंका कॅन्सरची. माझ्या दोन्ही वाढल्यात. पण एक जरा जास्त. किती जास्त? काठावर, बाई म्हणाल्या, आणि बोटानं टेबलाच्या काठावरूनच रेघ ओढली. माझ्या वयाला हे सहसा दिसत नाही, म्हणून सोडूनही देता येत नाही, तेव्हा कमरेच्या हाडातून सुईनं थोडा मगज काढून बघायचा. "आणि तोवर खालच्यांनी दिलेल्या त्या सुजेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. एकही नाही. त्यांनी संध्याकाळपर्यंत तुमचे हात लोण्यासारखे होतील हे खरं, पण त्या रक्तातल्या नको त्या पेशींनाही झोपवतात. मग मला सुईत काही दिसलं नाही तर ते नाहीच म्हणून दिसलं नाही की झोपलंय म्हणून, हे मी कशावरून सांगू?" गोळ्यांची पट्टी तर माझ्या पर्समध्ये होतीच, कालच घेतलेली, न उघडलेली. आणि मजा म्हणजे खालचे डॉक्टर पुढे जे कायमचं औषध देणार होते, तेही म्हणे दोन्हीकडचं, सांध्यांना चिमूटभर आणि कॅन्सरला बादलीभर. म्हणजे औषधालाही माहीत नाही मी कोण आहे.

आता कळतंय का तुम्हाला मी एवढे दिवस कुठं होते, फोन का उचलत नव्हते? दादाला तेवढं सांगितलं होतं, तो दुसऱ्या गावी असतो, त्याला ऐकू येतं, त्याच्याशी तोंडानं बोलता येतं. तो म्हणाला, "सांध्यांचंच असू दे बाई, म्हणजे सुटलो." मी म्हटलं, हो ना. फोन ठेवला आणि मग बसल्या जागी वाटलं, सुटलो म्हणजे कोण सुटलं? सांध्यांचं निघालं तर मी जगणार, छान जगणार, म्हातारी होणार, आणि हात हळूहळू असे होत जाणार, अशा वाकड्या फांद्यांसारखे, आणि मग आईशी बोलणार कोण? माझे हात म्हणजे नुसते हात नाहीत, ती आमच्या दोघींची जीभ आहे. माझं काम जाईल ते जाईल, मी काहीतरी करीन. पण आईला बाकी आहे कोण? बाबा गेले. दादाचे हात गंजलेत, त्याला येतं ते जेवलीस का, झोपलीस का, निघतो मी. वहिनी गोड आहे, पण ती फोनवर टाइप करून दाखवते, आणि आई म्हणते, "त्यांच्याकडे मी म्हणजे घरातला टीव्ही, सगळे माझ्याकडे बघून हसतात आणि बोलतात आपापसात." तर मी कशाची इच्छा करू? हे नको म्हणावं तर ते, ते नको म्हणावं तर हे. एकदा रस्ता ओलांडताना, दिवा लाल होता, माझ्या मनात चक्क आलं की दुसरं असलेलं बरं, निदान हात शेवटपर्यंत चालतील. आणि मी इतकी दचकले की शेजारच्या बाईनं माझा दंड धरला, तिला वाटलं मी गाडीखाली चालले.

आईला सांगितलं नाही. का म्हणून विचारू नका. हात खोटं बोलतील, माझे तर पट्टीचे आहेत, पण चेहरा खोटं बोलत नाही, आणि आईसमोर चेहऱ्याशिवाय बोलणं म्हणजे तुमच्याशी ओठ शिवून बोलणं. तर झालं असं की सकाळी मला हात नसायचे आणि संध्याकाळी चेहरा नसायचा. सकाळी हात इतके जखडलेले की मी ते स्वेटरच्या बाह्यांत ओढून घ्यायचे आणि निघून जायचे, चहाही न घेता, कारण कप धरला तर दिसलं असतं. सकाळच्या बातम्या मी दुसऱ्या मुलीला दिल्या, संध्याकाळच्या घेतल्या. दुपारनंतर बोटं सुटायची थोडी. घरी यायचे, जेवायचे, डोकं दुखतंय अशी खूण करायची, कपाळाला हात लावला की झालं, आणि खोलीत. आई दारात उभी राहायची, दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायची, आमच्याकडे हाक मारायची ही पद्धत, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. डोळ्यांच्या पापण्यांवर उजेड-अंधार-उजेड व्हायचा. मग नुसता अंधार.

आणि मला, मूर्खाला, सुचलंच नाही की तिकडून हे कसं दिसत असेल. तिनं सरळ अर्थ लावला: हिनं अबोला धरलाय. आणि तिच्याकडे कारणही होतं. त्याआधी आमचं भांडण झालं होतं, मला मोठ्या शहरात कायमची नोकरी देत होते आणि मी तिला न विचारता नाही म्हणून टाकलं, आणि ते तिला कुणाकडून तरी कळलं. "माझ्यामुळे ना? मी तुझ्या पायात येते ना? मग मी जाते दादाकडे." आणि मी त्या दिवशी चिडलेली, म्हटलं, "जायचं तर जा." हातांनी म्हटलेलं जास्त लागतं हो. तोंडानं म्हटलेलं हवेत विरतं, हातांनी म्हटलेलं दिसलेलं असतं. मी ते विसरूनही गेले होते. पण ती कशी विसरेल? त्यानंतर लगेच माझे हात जखडले, आणि मी गप्प झाले, आणि ती रोज सकाळी माझ्या बाह्यांकडे बघत बसायची. बाह्यांत हात कोंबणं म्हणजे आमच्याकडे काय, तर तोंड फिरवणं. मी तिच्याकडे रोज, न चुकता, तोंड फिरवत होते.

सुई झाली बरं का, परवाच झाली, म्हणूनच मी अशी एका कुशीवर टेकून बसलेय, तुम्हाला वाटलं असेल ऐट करते. निकाल अजून यायचाय. काय येईल? बाई म्हणाल्या, कधी कधी तिसरंच येतं: बारीक ठिपका, आजार म्हणावा तर नाही, आणि नाही म्हणून विसरावा तर तसंही नाही, नुसतं दर काही महिन्यांनी बघत राहायचं. मी म्हटलं, म्हणजे जिन्यातच. त्या म्हणाल्या, जिन्यातही माणसं राहतात हो. ते असू दे. मला सांगायचंय ते सुईच्या आदल्या दिवशीच्या सकाळचं.

उठले तर आईच्या पलंगावर बॅग. उघडी, आणि त्यात तिच्या घडीच्या कपड्यांची थप्पी, आणि वर तिचा चष्म्याचा डबा. ती न्हाणीघरात होती. आणि फोनवर दादाचा मेसेज पडलेला, "आईनं बोलावलंय, न्यायला येतोय, तुमचं काय झालंय?" मी पलंगाच्या कडेला बसले आणि माझ्या हातांकडे बघितलं. त्या दिवशी ते कधी नव्हे इतके वाईट होते, गरम, लाल, गुबगुबीत, एखाद्या बाळाचे असावेत तसे देखणे सुद्धा दिसत होते, आणि एकही बोट तळव्यापर्यंत पोचत नव्हतं. बोलायला हवं होतं. आत्ता. दादा येण्याआधी. संध्याकाळी बोटं सुटली असती, पण संध्याकाळी ती दादाच्या सोफ्यावर टीव्ही होऊन बसली असती, आणि व्हिडिओ कॉलवर हे सांगायचं? आणि मला ती पट्टी आठवली.

मी स्वयंपाकघरात गेले. खरं सांगते, मी उद्याच्या सुईचा विचार केलाच नाही असं नाही, केला. म्हटलं, एकच घेऊ. एकीनं काय होतंय? मग म्हटलं, आणि झोपलं तर ते? आणि डॉक्टरांना काहीच दिसलं नाही, आणि मी आनंदानं घरी आले, आणि ते आत झोपलेलं, तर? आणि दुसरीकडे न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. मी पट्टी काढली आणि गोळी दाबायला लागले. आणि गोळी निघेना! हसा, हसा. ज्या गोळीनं बोटं सुटतात ती काढायला बोटंच लागतात, हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं असेल? अंगठ्यानं दाबलं, कळ खांद्यापर्यंत गेली. ओट्याच्या कडेला दाबलं. दातांनी धरली, कागद फाटला नाही, जिभेला नुसती पत्र्याची चव लागली. मी तिथं, ओट्याशी, तोंडात पट्टी धरलेली, कुत्र्यानं चप्पल धरावी तशी, आणि डोळ्यांतून पाणी, आणि मान वर करते तर आई दारात. केस ओले. किती वेळ उभी होती काय माहीत.

ती पुढे आली, माझ्या दातांतून पट्टी काढून घेतली, चोरून खाणाऱ्या पोराच्या हातून खाऊ काढावा तशी, आणि अंगठ्याच्या एका दाबानं गोळी तळव्यावर घेतली. बांधणीच्या कारखान्यातले हात ते. ग्लासात पाणी ओतलं. आणि तळवा माझ्यापुढे धरला. तिला काय माहीत ती काय देतेय! डोकेदुखीची असेल, एवढंच. पांढरी, छोटी, तिच्या ओल्या तळव्यावर, तोंडापासून वीतभर. आणि मी बघत होते, आणि खरंच कळेना मला, म्हणजे तुम्ही मला आज विचाराल तर आजही सांगता येणार नाही, की मी मान का हलवली. हलली. नको.

तिचा चेहरा असा झाला ना. तिनं पाण्याचा ग्लास ठेवला आणि एका हातानं म्हणाली, दुसऱ्यात गोळी होती ना, एकाच हातानं, "माझ्या हातचं औषधसुद्धा नको आता?"

आणि मग मी हात बाह्यांतून बाहेर काढले.

काय बोलले मी! शब्द नाहीच म्हणता येणार त्यांना. नुसते गठ्ठे. मुठी म्हणाव्यात तर मुठीही होत नव्हत्या, पंजे म्हणावेत तर उघडत नव्हते. मी म्हणतेय राग नाही, आणि हातांतून निघतंय भलतंच. मी म्हणतेय उद्या सुई, हाडातून, आणि कोपर हलवून, खांदा हलवून दाखवतेय. मी म्हणतेय गोळी घेतली तर दिसणार नाही, झोपेल, आणि 'झोपेल' साठी चक्क डोकं खांद्यावर टाकलं. आणि चेहरा, तो तर इतक्या दिवसांचं सगळं एकदम ओकत होता. आई बघत होती. डोळे बारीक करून, जसं लांबचं वाचावं. मधेच मला थांबवून एका हातानं, गोळीची मूठ तशीच, "काय? पुन्हा. कुणाला सुई? मला?" नाही, मला! "मग मला का नाही सांगितलंस? दादाला माहीत आहे? त्याला सांगितलंस? दगडाला सांगितलंस आणि मला नाही?" आणि आम्ही भांडायला लागलो, ती एका हातानं आणि मी अर्ध्या अर्ध्या दोन हातांनी, दोघी तोतऱ्या, आणि भांडता भांडता तिनं अचानक माझ्या बोटांना हात लावला. सुजलेल्या पेरांना. तो गरमपणा तिच्या हाताला लागला असणार. थांबली.

मग गोळी तिनं मोरीत टाकली आणि नळ सोडला. दोन्ही हात मोकळे करून पुसले. म्हणाली, "आता सांग. सावकाश." आणि मी पुन्हा सुरू केलं, आणि ती मधे मधे मान हलवत होती, आणि सगळ्यात वाईट शब्दावर माझी गाडी अडकली, तो शब्द कुठला ते तुम्हाला कळलंच असेल, त्याला बोटं नीटच लागतात, तो काही केल्या होईना, मी तीनचारदा केला, दर वेळी वेगळाच झाला. आणि तिला तो कळला. मला दिसलं की कळला. ती खुर्चीवर बसली. आणि एवढं होऊनही तिच्या तोंडावर एक विचित्र काहीतरी आलं, हसू म्हणू की काय म्हणू.

"तू एवढीशी होतीस," ती म्हणाली, "तेव्हा असंच बोलायचीस. सगळं मुठीनंच. दूध हवं तरी मूठ, बाबा हवा तरी मूठ. आत्या म्हणायची, ही नुसते हात झाडते. मी म्हणायचे, झाडत नाही गं, बोलते ती. बोबडी आहे."

"आई, हे सुधारणार नाही कदाचित."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा. तिला कळलं नाही की कळलं आणि कळून घ्यायचं नव्हतं, ते मला नाही सांगता येत. ती म्हणाली, "कोपर वापर. मघाशी कोपरानं छान बोललीस." आणि मग विचारलं, "मग दोन्हीतलं कुठलं?" आणि मी खांदे उडवले, तेवढं तर अजून येतंच. ती म्हणाली, "डॉक्टरांना माहीत आहे?" मी पुन्हा खांदे उडवले. आणि दारावरचा दिवा, आमच्याकडची घंटा तीच, लागला-विझला, लागला-विझला, दादा आला होता. तो आत आला, आमच्याकडे बघितलं, दोघींची नाकं लाल, मोरीचा नळ वाहतोय, आणि बिचारा काय करणार, त्यानं पलंगावरची बॅग उचलली. आईनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि परत पलंगावर ठेवली. त्यानं गोंधळून माझ्याकडे बोट केलं आणि आपल्या त्या गंजक्या हातांनी तिला विचारलं, काय म्हणते ही?

आई म्हणाली, "अजून नीट कळत नाही. पण बोलायला लागलीय."